टोकाबाईच्या चादरीचं गाणं

"मला काय करायचंय!" असं टोकाबाई नेहमी म्हणायची, आणि मग जे करायचं ते सगळं करायची. शेजारणीकडे नवं कपाट आलं की "मला काय करायचंय" म्हणतच ती त्यांच्या दारापर्यंत जायची, कोणता खण अडकतो ते पाहून यायची आणि नवऱ्याला सांगायची, "लाकूड ओलं आहे हो. मला काय करायचंय, पण सहा महिन्यांत दार फुगणार." दार फुगलं नाही तर तिला चैन पडत नसे. फुगलं तर बरं वाटे, पण तेही फार दिवस टिकत नसे, कारण तोवर दुसऱ्या शेजारणीकडे काहीतरी आलेलं असायचं.

बाई वाईट नव्हती. दुसऱ्याचं काही हिसकावून घ्यावं असं तिच्या मनात कधी आलं नाही. फक्त दुसऱ्याचं भलं झालं की तिच्या पोटात बारीकशी कळ यायची, जशी कुणाला थंड हवेत गुडघ्यात येते. त्याला ती तरी काय करणार?

मोठ्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला धुलाईघर होतं. तिथे टोकाबाई अठरा वर्षं चादरी घडी करायची. एका भिंतीला धुण्याची यंत्रं, त्यांच्या पुढे तापलेले रोलर, आणि त्यांच्याही पुढे घडीचं लांबलचक टेबल. रोलरमधून चादर बाहेर यायची तेव्हा ती इतकी कडक आणि गरम असायची की हातात धरताना जिवंत जनावर धरल्यासारखं वाटे. खिडक्यांच्या काचांवर बाराही महिने वाफ. बाहेर ऊन आहे की ढग, हे काच पुसल्याशिवाय कळत नसे.

घडीला दोघी लागत. एक उभी आणि एक चालती. उभीने जागचं हलायचं नाही. तिने चादरीची दोन टोकं छातीशी धरायची आणि समोर बघायचं. चालतीने आपली दोन टोकं घेऊन दोन पावलं पुढे यायचं, उजवं टोक आधी द्यायचं, मग डावं, मग वाकून खाली लोंबणारी घडी उचलायची आणि दोन पावलं मागे जायचं. पुन्हा पुढे, पुन्हा दे. चार फेऱ्यांत चादर पुस्तकासारखी होऊन टेबलावर पडायची. उभीची जागा जुनीजाणतीची असे, कारण घडी सरळ येते की वाकडी हे उभीच्या डोळ्यांवर अवलंबून. टोकाबाई दुसऱ्याच वर्षी उभी झाली आणि तिथेच राहिली. तिच्या ॲप्रनवर छातीपाशी दोन ठिकाणी कापड घासून गुळगुळीत झालं होतं. टोकाला टोक जुळलं नाही तर ती चादर हातात घेत नसे, म्हणून तर तिला टोकाबाई म्हणायचे.

आणि तिची चालती होती भिंगरी.

भिंगरी म्हणजे तिची नणंद. टोकाबाई लग्न होऊन आली तेव्हा ही पोर आठ वर्षांची होती. वहिनीनेच तिची वेणी घातली, वहिनीनेच तिला दटावलं, आणि एकोणीस वर्षांची झाल्यावर वहिनीनेच सुपरवायझरबाईंपुढे शब्द टाकून तिला धुलाईघरात लावलं. पहिल्या आठवड्यात भिंगरीच्या हातून चादरीच चादरी पडल्या. मग टोकाबाईने जागेवर उभ्या उभ्या पायाने ठेका धरला आणि तोंडाने म्हणायला लागली, "दोन पुढे... दे... वाक गं... दोन मागे." दिवसभर तेच. तिसऱ्या दिवशी भिंगरीचे पाय त्या शब्दांवर आपोआप पडायला लागले. महिन्याभराने तर मागे जाताना ती खांदाही उडवायला लागली.

"खांदा कशाला?" टोकाबाईने विचारलं.

"खांदा फुकटचा आहे, वहिनी."

"चादरीला सुरकुती पडली तर फुकटचा राहणार नाही."

पण सुरकुती कधी पडली नाही. चार वर्षं त्या दोघींची घडी अशी चालली की रोलरवरची म्हातारी म्हणायची, "यांच्याकडे बघितलं की माझे हात आपोआप वेगाने चालतात."

काम सुटल्यावर भिंगरी तिघा पोरांबरोबर गाणं करायला जायची. नाचायच्या गाण्यांचा बँड. तिघं वाजवायचे, ही गायची आणि नाचायची. टोकाबाई म्हणायची, "मला काय करायचंय, पण त्या पेटीवाल्या पोराला ताल नाही." मग एक दिवस भिंगरीने नोकरी सोडली, मोठ्या शहरात गेली आणि तीन महिन्यांनी त्यांचं पहिलं गाणं बाहेर आलं.

पहिलंच गाणं, आणि असं लागलं की विचारू नका. न्हाव्याच्या दुकानात तेच, बसमध्ये तेच, दवाखान्याच्या दारातल्या रखवालदाराच्या खिशातही तेच. टोकाबाईने ते पहिल्यांदा नीट ऐकलं आणि पाहिलं ते बसथांब्यावर. शाळेच्या पाच मुली दप्तरं बाकावर टाकून नाचत होत्या. एकीच्या फोनवर गाणं चालू होतं. 'दोन पुढे... देशील का... वाकून जरा... नेशील का... दोन मागे...' आणि मुली दोन पावलं पुढे येत होत्या, उजवा हात पुढे करत होत्या, मग डावा, वाकत होत्या, दोन पावलं मागे जात होत्या. आणि खांदा!

बस आली, उभी राहिली, निघून गेली. टोकाबाई तिथेच.

"ही तर माझी चादर," ती स्वतःशी म्हणाली. मग मोठ्याने म्हणाली, "अगं पोरींनो, ही चादर आहे!"

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. एक हळूच म्हणाली, "आजी, हे प्रेमाचं गाणं आहे."

आजी! टोकाबाई पंचेचाळीस वर्षांची होती. तो एक शब्द तिने आठवडाभर चघळला.

घरी तर आनंदीआनंद होता. नवरा कुलपं-किल्ल्यांचा कारागीर, तोंडातून दिवसाला दहा वाक्यं निघायची नाहीत. पण आता दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो कुलपाबरोबर बहिणीचा फोटो दाखवायचा. सासूला एका कानाने ऐकू येत नव्हतं. तिने चांगला कान रेडिओला लावून ठेवला होता आणि गाणं लागलं की घर दणाणून सोडायची, "सूनबाई, लागलं बघ! माझ्या भिंगरीचं लागलं!"

"ऐकतेय, आई. पलीकडच्या गल्लीलाही ऐकू जातंय."

"काय गळा आहे पोरीचा! आणि ते शब्द! कुठून सुचतात गं हिला?"

टोकाबाईने हातातलं भांडं जरा जोरात आपटलं. सासूच्या बऱ्या कानाने ते नेमकं टिपलं. "अगं, फुटेल ना!"

धुलाईघरातही तिला सुख मिळालं नाही. तिने सगळ्यांना सांगितलं, "हे शब्द माझे आहेत. चार वर्षं तिच्यापुढे मी म्हणत होते." तर एक म्हणाली, "टोकाबाई, दोन पावलं तर आम्ही पण चालतो." दुसरी म्हणाली, "चादर काय तुझ्या एकटीची आहे? दवाखान्याची आहे!" आणि सगळ्या हसल्या. टोकाबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नवी चालती म्हणून जी जाडशी पोरगी तिला मिळाली होती, ती तर गाणं म्हणत म्हणतच चालायची, आणि वर विचारायची, "टोकाबाई, माझा खांदा भिंगरीताईसारखा उडतो का हो?"

"तुझं टोक तिच्यासारखं येत नाही, ते आधी बघ."

एवढ्यावरही ते निभावलं असतं. टोकाबाई पोटातली कळ पोटात ठेवून जगायला शिकलेली होती. पण एका संध्याकाळी टीव्हीवर भिंगरीची मुलाखत झाली. सगळं घर समोर बसलं. चकचकीत कपड्यांतल्या भिंगरीला मुलाखतवाल्याने विचारलं, "हे शब्द, ही स्टेप, कशी सुचली?"

भिंगरी हसली. केस मागे सारले. म्हणाली, "असंच. एकदा आरशासमोर उभी होते. आपोआप आलं."

टोकाबाई ताडकन उठली. "कुठला आरसा?"

"आं?" सासू म्हणाली.

"या घरात एकच आरसा आहे, बेसिनवरचा! त्यात एका वेळी एक डोळा आणि अर्धं नाक दिसतं! त्यात हिला पावलं कुठली दिसली?"

नवरा हळू आवाजात म्हणाला, "अगं, बोलायला काहीतरी बोलली असेल."

"काहीतरी? माझं नाव घेतलं असतं तर जीभ झडली असती का तिची? एकदा म्हणायचं होतं, वहिनीने शिकवलं. मला काय करायचंय तिचं नाव, तिची गाडी? ती तिलाच लखलाभ! पण एकदा, चार माणसांत, एवढंच."

हे एवढंच तिला हवं होतं. जेवताना, झोपताना, चादर छातीशी धरताना तिच्या मनात तेवढी एकच गोष्ट फिरत राहायची: चार माणसांत एकदा.

आणि संधी चालून आली. सुपरवायझरबाईंनी सांगितलं, टीव्हीवाले भिंगरीला घेऊन येणार आहेत. तिची जुनी कामाची जागा दाखवणार आहेत. येत्या सोमवारी, सकाळी. "टोकाबाई, तुम्ही तिच्याबरोबर एक चादर घडी करा. नेहमीसारखं. तुम्ही उभ्या राहा, ती चालेल."

टोकाबाईने मान हलवली, पण मनात वेगळंच शिजत होतं. उभीला कोण बघतं? उभी म्हणजे खांबच. सगळ्यांचे डोळे चालतीवर. लोकांना एकदा कळायला हवं की ही चाल कुणाची. सोमवारी ती स्वतः चालणार होती.

रोज संध्याकाळी तिने नवऱ्याला खोलीच्या मधोमध उभं केलं आणि हातात चादर दिली.

"छातीशी धरा. अहो, छातीशी! पाहुण्याला टॉवेल दिल्यासारखी काय धरताय?"

"अशी?"

"हं. आता हलायचं नाही."

तिने टोकं घेतली आणि निघाली. दोन पुढे. दे. आणि चादरीला मधेच पीळ पडला.

"तुम्ही हात चुकीचा उघडला."

"मी डावा उघडला. तूच म्हणालीस, आधी डावा उघडा."

"मग बरोबर आहे. परत."

परत पीळ. तिसऱ्यांदाही. सासू पलंगावरून म्हणाली, "माझी भिंगरी किती सुरेख करते हे! सूनबाई, तुझं जरा उलटं होतंय का गं?"

नवऱ्याच्या ध्यानात आलं होतं. सगळं आयुष्य कुलपाच्या आतली खाच पाहून बाहेरची किल्ली घासण्यात गेलेला माणूस तो. त्याला कळलं की बायकोने सतरा वर्षं हे काम समोरूनच पाहिलं आहे. पहिलं टोक नेहमी तिच्या डाव्या बाजूला यायचं, म्हणून चालताना ती डावंच टोक आधी पुढे करते आहे. पण हे सांगितलं तर घरात काय होईल तेही त्याला कळत होतं. पुढच्या वेळी त्याने गुपचूप डाव्याऐवजी उजवा हात उघडला. चादर सरळ आली. टोकाला टोक. टोकाबाईचा चेहरा खुलला.

"बघा! काय अवघड आहे त्यात?"

"काहीच नाही," तो म्हणाला, आणि आठवडाभर उजवाच हात उघडत राहिला.

सोमवार उजाडला. धुलाईघरात दिवे लावले, तारा पसरल्या, चार माणसं खांद्यावर कॅमेरे घेऊन फिरायला लागली. बायकांनी नवे ॲप्रन घातले. टोकाबाईने मात्र जुनाच घातला, छातीपाशी घासलेला. भिंगरी आली. बारीक झाली होती, केसांचा रंग बदलला होता. आल्या आल्या ती रोलरवरच्या म्हातारीच्या गळ्यात पडली, मग वहिनीकडे आली.

"वहिनी! कशी आहेस गं?"

"आहे तिथेच आहे. आम्ही कुठे जाणार?"

भिंगरीचं हसू जरा अडखळलं. "फोन उचलत नाहीस माझा."

"हात ओले असतात."

मुलाखतवाला टाळ्या वाजवत आला. "चला, चला! ताई, तुम्ही उभ्या राहा, भिंगरी चालेल."

"मी चालणार," टोकाबाई म्हणाली. "ती उभी राहील."

सुपरवायझरबाईंनी डोळे वटारले. भिंगरी मात्र लगेच म्हणाली, "चालेल की! मला उभी राहू दे. चार वर्षं माझे पाय तोडलेस." बायका हसल्या. भिंगरीने चादर छातीशी धरली. तिने ती अगदी बरोबर धरली, हेही टोकाबाईच्या डोळ्यांत खुपलं.

कुणीतरी गाणं लावलं. टोकाबाई निघाली. दोन पुढे. आणि तिने डावं टोक दिलं.

भिंगरीचा डावा हात उघडलेला होता, जसा उभीचा उघडायला हवा. टोकाबाई थबकली. तिला उजवा हात हवा होता, घरी रोज उघडायचा तो. तिने आपलं टोक तिरकं नेऊन त्या उघड्या हातात खुपसलं, मग दुसरं टोक दुसऱ्या हातात, आणि दोघींच्या मधे चादरीचा दोरखंड झाला. ती वाकली तर खाली उचलायला घडीच नव्हती. दोन पावलं मागे जाताना तिने खांदा उडवला. तो कुठे गेला ते तिचं तिलाच कळलं नाही. जाडशी पोरगी फिसकन हसली, तिच्यामागे सगळ्याच हसल्या. गाणं चालूच होतं.

त्या क्षणी टोकाबाईला नवऱ्याचा उजवा हात आठवला. तिचे कान तापले.

"अरे वा! झकास!" मुलाखतवाल्याला फारच आवडलं होतं. "बघा मंडळी, वाटतं तितकं सोपं नाही हे! भिंगरी, तुझी ही स्टेप भल्याभल्यांना जमत नाही!"

भिंगरी वहिनीकडे बघत होती. तिने पिळलेली चादर खाली ठेवली आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून स्पष्ट म्हणाली, "माझी नाही. हिची आहे. हिनेच शिकवली मला. दोन पुढे, दे, हे शब्दसुद्धा वहिनीचेच."

मुलाखतवाला पोट धरून हसला. "किती गोड! बघा, मोठी झाली तरी घरच्यांचं मन कसं राखते!" टीव्हीवाले हसले, सुपरवायझरबाई हसल्या. चादर दोरखंड करणारी बाई म्हणे शिकवणारी! यापेक्षा मजेशीर काय असणार?

चार माणसांत एकदा. मिळालं होतं. चारच काय, सगळ्या मुलखासमोर मिळालं होतं, आणि कुणी ते खरं मानलं नाही.

दिवे विझले. तारा गुंडाळायला लागले. भिंगरीने रोलरवरून नवी गरम चादर ओढली आणि दोन टोकं वहिनीपुढे धरली. "ये. एक नीट करू. आपल्यापुरती."

टोकाबाई आपल्या जागी जाऊन उभी राहिली. टोकं छातीशी धरली. भिंगरी आली, दोन पावलं, उजवं टोक, मग डावं. जराही चूक नाही. तिची बोटं वहिनीच्या बोटांना लागली तेव्हा टोकाबाईने हळू आवाजात विचारलं, "आरसा कुठला होता गं?"

भिंगरी वाकली, घडी उचलली. मागे गेली नाही. "सगळे चकचकीत बसले होते, वहिनी. समोर एवढाले दिवे. दवाखान्याच्या चादरी म्हणायची लाज वाटली मला."

"लाज?"

"तेव्हा वाटली. म्हणून तर आज मुद्दाम इथे आणलं यांना. वाटलं, इथे सांगितलं की तुझं देणं फिटेल."

टोकाबाईने तिच्याकडे पाहिलं. नव्या रंगाचे केस, त्याखाली तेच आठ वर्षांच्या पोरीचं कपाळ. आपलं अठरा वर्षांचं काम म्हणजे या पोरीची लाज. ही कळ मात्र पोटातल्या पोटात ठेवणं तिला जमलं नाही.

"सांगायची लाज वाटली," ती म्हणाली, "नाचायची नाही वाटली."

भिंगरीच्या बोटांतून घडी सुटली.

टोकाबाईने हातातली टोकं सोडून दिली. चादर जमिनीवर पडली. अठरा वर्षांत उभीच्या हातून पडलेली ती पहिली चादर. ती टेबलाला वळसा घालून निघाली, तारांवरून पाय उचलत, कुणाला धक्का न लावता.

"टोकाबाई, पाळी संपायला तीन तास आहेत अजून!" सुपरवायझरबाई ओरडल्या.

"वहिनी, अगं थांब ना!"

दार उघडलं, वाफ बाहेर पडली, दार मिटलं. जाडशा पोरीने तळहाताने खिडकीची काच पुसली. बायका तिच्यामागे गोळा झाल्या. ॲप्रन अंगावर तसाच ठेवून टोकाबाई वाळत घातलेल्या चादरींच्या रांगांमधून फाटकाकडे चालली होती, ना घाईत ना रमतगमत, हात दोन्ही बाजूंना रिकामे. रोलरवरच्या म्हातारीने कितीतरी वर्षांनी पाळी संपण्याआधी यंत्र बंद केलं आणि तीही पाहायला आली. बाकीच्या थोड्या वेळाने पांगल्या. भिंगरी मात्र पडलेली चादर उराशी गोळा करून काचेला नाक लावून उभी राहिली, आणि काच वाफेने पुन्हा पांढरी होईपर्यंत बघत राहिली.